देवाच्या पिठात भेसळ

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या शाळेतल्या मुली आता आज्या झाल्या. रस्त्यात भेटल्या की म्हणतात, "बाई, तुम्ही किती प्रेमळ होता!" कसलं डोंबलाचं प्रेमळ! एका बाईवर मी बारा वर्षं दात धरून होते आणि शेवटी उट्टं काढलं. ते कसं काढलं हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता ज्यांना ऐकून त्रास व्हावा असं कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव वडिवळे. भाताचा मुलूख. बाप घाटात रेल्वेच्या गँगवर होता. एका पावसाळ्यात दगडाखाली त्याचा पाय सापडला आणि तो कायमचा खाटेवर आला. चुलत्यानं बापाला गावी सांभाळलं, आणि आई मला घेऊन लोणावळ्याला आली. तिथं गोऱ्या सिस्टरांचं मिशन होतं. शाळा, दवाखाना, मागे बाग, आणि बागेपलीकडे नोकरांच्या खोल्या. सगळं गाव त्याला मिशन म्हणे, पण आई मठ म्हणायची. बायकांचा असला तरी मठच तो, असं तिचं म्हणणं. आई तिथं जात्यावर दळण दळू लागली आणि मी त्यांच्याच शाळेत शिकले. पुढे तिथंच लहान मुलींचा वर्ग घेऊ लागले. सिस्टरांचं आपसातलं बोलणं ऐकून ऐकून मला जर्मन येऊ लागलं, त्यामुळे माळ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलायला मदरला मीच लागायची. अठरा वर्षांची होते. आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

मदर म्हणजे त्या मठाची मुख्य. उंच, ताठ, जर्मनीची. तिच्यासारख्याच आणखी दोघी मुख्य आमच्या भागात होत्या. तळेगावच्या मठाची मुख्य ऑस्ट्रियाची आणि पुण्याच्या मठाची स्वित्झर्लंडची. तिघींची भाषा जर्मनच, पण मठ वेगळे, पंथ वेगळे, कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या. त्यांच्या मुलखात म्हणे मठांचे मुख्य दरवर्षी एकत्र जमतात, एकमेकांचं ऐकून घेतात, कामं वाटून घेतात. ती चाल या तिघींनी इकडेही चालू ठेवली होती. दसरा झाला की तळेगावची आणि पुण्याची अशा दोघी लोणावळ्याला यायच्या आणि आठवडाभर राहायच्या. एका घरची सिस्टर आजारी पडली की दुसऱ्या घरची तिच्या जागी जायची. मेणबत्त्या तळेगावनं करायच्या, शिवणकाम पुण्यानं, आणि ओस्ती लोणावळ्यानं.

ओस्ती म्हणजे त्यांच्या पूजेत फादर सगळ्यांच्या जिभेवर ठेवतो ती कागदासारखी पातळ, गोल चकती. लांब दांड्यांच्या लोखंडी साच्यात पीठ ओतून ती भाजायची. त्यात फक्त गहू आणि पाणी. मीठसुद्धा चालत नाही. दुसरं काही मिसळलं तर त्यांचा देव त्या चकतीत येत नाही, अशी त्यांची श्रद्धा. आमच्याकडे नैवेद्याचं सोवळं असतं ना, त्याच्या वरताण. आईला हे एकदा सांगितलं आणि तिला ते तत्काळ पटलं. ती ओस्तीचं दळण न्हाऊन, धुतलेलं नेसून दळायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. "देव कुणाचा का असंना, पीठ त्येचंच हाय," म्हणायची. आणि आईला हे नवं नव्हतं. वडिवळ्याच्या भैरवनाथाची चैत्रात यात्रा असते. तिच्या नैवेद्याचं पीठ दळायचा मान गावातल्या पाच घरांचा, त्यात एक आमचं. लोणावळ्याला आल्यावरही आई त्या दिवसासाठी न चुकता गावी जायची.

आता भेसळ कशी झाली ते सांगते.

लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी. त्या हवेत ओस्ती मऊ पडायची, पिवळी दिसायची. आदल्या वर्षीच्या बैठकीत पुण्याची स्विस मदर जेवताना हसत म्हणाली होती की लोणावळ्याची ओस्ती आजारी माणसाच्या रंगाची असते. सगळ्या हसल्या. आमची मदरही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. मी वाढत होते, मी पाहिलं. तिला सगळं सहन व्हायचं, पण कमी लेखलेलं खपायचं नाही. मला हे ओळखू येतं, कारण मीही तशीच.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ती पिठाच्या खोलीत आली. आईनं आमच्या भाकरीसाठी आंबेमोहराचं पीठ काढून ठेवलं होतं. मदरनं ते चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं, उजेडात धरलं. मग मला जर्मनमध्ये म्हणाली, "तुझ्या आईला सांग, ओस्तीच्या पिठात यातलं मूठभर घालायचं. फक्त पावसाळ्यापुरतं."

मी आईला सांगितलं. आईनं जात्याचा खुंटा सोडला.

"देवाच्या पिठात चालंल का पन? गहूच पायजे म्हनल्यात ना ह्याच?"

मदरला आईचं मराठी कळलं असावं. मी सांगायच्या आतच ती मराठीत म्हणाली, "चालेल. मी सांगते."

एक मूठ घातली. ओस्ती कशी पांढरीशुभ्र, कुरकुरीत झाली! मदर खूश झाली. मग दोन मुठी झाल्या. गौरी-गणपती येईतो गव्हाला पोरकिडा लागला आणि तांदूळ निम्म्यावर गेला. आईनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी मध्ये उभी होते आणि तिन्ही वेळा मदरनं होकाराची मान डोलावली.

दसऱ्यानंतर दोघी आल्या. तळेगावची ऑस्ट्रियन मदर मूळची पाव भाजणाऱ्याच्या घरातली. लहानपणापासून पिठात वाढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डब्यातली एक साधी, मंत्र न म्हटलेली ओस्ती चावून बघितली, पूजेतली चावायची नसते, नुसती गिळायची, आणि ती तिथंच थांबली. मग दुसरी घेतली. तासाभरात आईला आणि मला दिवाणखान्यात बोलावणं आलं.

टेबलापलीकडे तिघी बसल्या होत्या. आई दाराशी उभी, पदराला हात पुसत. मी मध्ये.

"पिठात तांदूळ कुणी घातला?" ऑस्ट्रियन मदरनं मला विचारलं. मी आईला विचारलं.

"मी घातला," आई म्हणाली. "मदरबाईंनी सांगितला म्हून. म्या ईचारलं व्हतं त्यास्नी, येकदा न्हाई, तीनदा."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. त्यांच्याच भाषेत, स्वच्छ. आमच्या मदरनं टेबलावरच्या डागाकडे बघत म्हटलं, "मी असं कधी सांगितलं नाही."

मला आजही तो क्षण आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. कारण पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. स्विस मदरनं आमच्या मदरकडे पाहिलं. मग तिनं ऑस्ट्रियन मदरकडे पाहिलं. ऑस्ट्रियन मदर खिडकीबाहेर बघू लागली. त्यांना कळलं होतं! दोघींनाही खरं काय ते कळलं होतं. पण मुख्य बाईनंच जाणूनबुजून तांदूळ घातला असं ठरलं असतं, तर वर मोठ्या धर्मगुरूला कळवावं लागलं असतं. तीन मठांत चार महिने झालेल्या पूजा फुकट गेल्या असं सांगावं लागलं असतं. मदरला परत पाठवलं असतं आणि तिघींची ती एकी तिथंच मोडली असती. अडाणी मोलकरणीनं केलं म्हटलं की प्रकरण मिटत होतं.

मी म्हणाले, "मी तिथं होते. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

स्विस मदर मला शांतपणे म्हणाली, "मुली, तुझं काम दुसऱ्याचं बोलणं सांगण्याचं. तुझं स्वतःचं तुला कुणी विचारलेलं नाही."

वा रे न्याय! दुपारपर्यंत पत्र तयार झालं. त्यांच्यात असा नियमच होता, की एका घरानं काढलेलं माणूस दुसऱ्या घरानं ठेवायचं नाही, म्हणून पत्र फिरवायचं. आईनं आज्ञा मोडून देवाच्या पिठात भेसळ केली, तिला कोणत्याही घरानं कामावर घेऊ नये, असा मजकूर होता आणि खाली तिघींच्या सह्या. आमच्या मदरची सही सगळ्यांत वर, सगळ्यांत ठसठशीत. संध्याकाळच्या आत आम्ही खोली सोडली. मला राहायचं तर राहा म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे वर्गाच्या चाव्या टाकल्या आणि आईबरोबर वडिवळ्याला परतले.

काम गेलं त्याचं आईला फारसं वाटलं नाही. हातपाय धड होते, खाचरं होती. पण तळेगावच्या मठात दूध घालणारा आमच्याच गावचा. तिथं ते पत्र मराठीत वाचून दाखवलं गेलं आणि आठ दिवसांत वडिवळ्यात बातमी आली. आमच्या गावाला ख्रिस्ती धर्मातलं काही कळत नव्हतं, पण देवाच्या पिठात भेसळ म्हणजे काय ते पक्कं कळत होतं. त्या चैत्रात देवळाचा गुरव, ज्याला सगळे आबा म्हणत, दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"वैनी, औंदा पीठ दुसरीकडं दिलंय," तो म्हणाला. "मानसं बोलत्यात. तिकडच्या देवाला केलं, हितं करनार न्हाई कशावरनं, असं म्हनत्यात. मी काय करू?"

"आबा, तुमाला वाटतं का म्या केलं आसंल?"

आबा खाली बघत राहिला. "माझ्या वाटन्यानं काय व्हतंय, वैनी. ती गोरी बाई सोता सांगंल तवा खरं."

बस्स. तेव्हापासून आईचा हात बाटका ठरला. लग्नाकार्यात तिला निवडायला, टिपायला बोलवत, पण जात्याला हात लावू देत नसत. आणि यात्रेच्या आदल्या सकाळी चार घरांतून जात्यांचा आवाज यायला लागला की आई उठून खाचराकडे निघून जायची. चैत्रात भाताच्या खाचरात काय काम असतं? नुसती ढेकळं. ती बांधावर बसून राहायची आणि दुपार झाली की परत यायची. बाप खाटेवरून म्हणायचा, "बस की घरात, कोन खातंय तुला?"

मी पुण्याला शिक्षिकेचा कोर्स केला, लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत लागले, आणि पुढे तिथली मुख्याध्यापिका झाले. पण मनातून ते गेलं नाही. मिशनच्या बाजूनं मी कधी रस्ता ओलांडला नाही. त्यांची घंटा वाजली की वर्गात खडू मोडायचा माझ्या हातात. कुणी पालक विचारायला आले, बाई, मुलीला मिशनच्या शाळेत घालू का, की मी असं काही तोंड करायची की माणूस आपोआप माझ्या शाळेत मुलीला घालायचा. शेजारीण म्हणायची, "सोड गं आता, किती धरून बसशील?" मी म्हणायची, "तुझ्या आईला म्हण बाटकी, मग सांग सोडायला." मदर रस्त्यात समोरून आली तर मी मुद्दाम थांबून बघायची. ती मान खाली घालून जायची. मला त्यात गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. मला तिच्या तोंडून खरं हवं होतं आणि तेही वडिवळ्यात. जर्मनमधली ठेवणीतली वाक्यं मी आंघोळ करताना घोकायची, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून.

आणि मग दुसरं महायुद्ध सुरू झालं.

जर्मन म्हणजे सरकारचा शत्रू. ऑस्ट्रिया तोवर जर्मनीत गेलेला, म्हणजे तळेगावची मदरही शत्रू. पुरुष फादर तर लगेच छावणीत नेले. बायकांना सांगितलं, गावाच्या हद्दीबाहेर परवान्याशिवाय जायचं नाही, पुढचं पुढे बघू. स्वित्झर्लंड लढाईत नव्हता, म्हणून पुण्याची स्विस मदर मोकळी होती. तिनं धावपळ करून तिघींच्या वतीनं एकच अर्ज तयार केला. आमच्या बहिणी निरुपद्रवी आहेत, त्यांना त्यांच्याच घरात राहू द्या. अर्जावर गावातल्या प्रतिष्ठितांच्या सह्या हव्या होत्या. डॉक्टरांची मिळाली, वकिलांची मिळाली. पण अर्ज बघणाऱ्या सरकारी साहेबानं विचारलं, या बायका आपसात जर्मनमध्ये काय बोलतात, हे सांगू शकेल असं कुणी आहे का? त्यांच्या घरात राहिलेलं, त्यांची भाषा कळणारं आणि त्यांच्या पदरचं नसलेलं?

अशी लोणावळ्यात एकच बाई होती.

शाळा सुटल्यावर दोघी आल्या, आमची मदर आणि स्विस मदर. ऑफिसात खुर्च्या होत्या, मी बसा म्हटलं नाही. मदर थकली होती. स्विस मदरनं कागद पुढे केला.

"तू सही केलीस तर आम्ही वाचू," ती म्हणाली. "तुझ्या सहीवर सगळं अडलंय."

अहाहा! बारा वर्षं थांबले होते त्या वाक्यासाठी. मी कागद सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग जर्मनमध्येच म्हणाले, "सही करीन. पण आधी वडिवळ्याला जायचं. भैरवनाथाच्या देवळासमोर, गाव जमलेलं असताना, मराठीत सांगायचं तांदूळ कुणाच्या सांगण्यावरून पडला ते."

"मला लोणावळ्याच्या बाहेर जायची परवानगी नाही," ती म्हणाली. "परवाना मागितला तर कारण विचारतील. आणि न विचारता गेले तर—"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"इथं सांगते. तुझ्या शाळेसमोर सांगते. लिहून देते."

"माझ्या आईला इथं कुणी बाटकी म्हटलेलं नाही. तिला तिथं म्हणतात."

स्विस मदर मध्ये बोलायला गेली. मी तिला म्हणाले, "तुम्हाला तेव्हा खरं कळलं होतं का?" ती म्हणाली, "हो. आम्हा दोघींना कळलं होतं." किती सहज! जणू मी तिला किती वाजले म्हणून विचारलं होतं. मी कागद खणात ठेवला आणि किल्ली फिरवली.

मदर रविवारी आली. खरंच आली. तिच्याबरोबर फक्त स्विस मदर होती. सकाळच्या गाडीनं दोघी कामशेतला उतरल्या आणि तिथून बैलगाडीनं वडिवळ्याला. मी आदल्या दिवशीच जाऊन गाव गोळा केलं होतं. आईला काही सांगितलं नव्हतं. ती दारात शेणसडा टाकत होती, तिला हाताला धरून देवळापाशी नेलं.

पांढऱ्या झग्याला लाल धूळ लागलेली ती उंच बाई गाडीतून उतरली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, आईला ओळखलं, आणि देवळाच्या पायरीपाशी सरळ गुडघे टेकले. त्यांच्यात चूक कबूल करायची ती अशीच करतात, पण आमच्या गावाला ते काय ठाऊक! बायकांच्या तोंडून "अगं बया!" असा आवाज उठला. कुणीतरी पोरांना मागे ओढलं.

"या बाईने भेसळ केली नाही," मदर तिच्या तुटक मराठीत म्हणाली. "मी सांगितलं, तांदूळ घाल. ती तीन वेळा विचारली, चालेल का. मी चालेल म्हटलं. मला पांढरी ओस्ती पाहिजे होती. नंतर मला भीती वाटली, मला परत पाठवतील. म्हणून मी खोटं बोलले. पाप माझं आहे. हिचा हात चांगला आहे."

बाप घरातून ओरडून विचारत होता, "काय झालं रं? कोन आलंय?"

आबा गुरव म्हातारा झाला होता. तो पुढे आला, आईसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, चैतातलं पीठ तुमचं. बारा वर्सांची चूक झाली आमची."

मला वाटलं होतं आई रडेल, नाहीतर बोलेल, काहीतरी सुनावेल. मी तर वाटच बघत होते. पण ती घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मदरला दंडाला धरून उठवलं. "उठा. लांबनं आलाय. पानी प्या, सावलीत बसा. ह्या वयात गुडघं दुखत्याल." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू आनलंस व्हय हिला? बरं झालं, पोरी. लय बरं झालं."

मी त्याच संध्याकाळी सही केली. शब्दाची पक्की होते. या बायकांना मी आतून ओळखते, त्या शिस्तीनं राहतात, सरकारचे नियम पाळतात, असं माझ्या हातानं लिहून दिलं.

इथं थांबले असते तर ही गोष्ट सांगताना मला मान वर ठेवता आली असती.

चौथ्या-पाचव्या दिवशी फौजदार शाळेत आला. कामशेतच्या स्टेशनवर कुणीतरी दोन गोऱ्या सिस्टरांना पाहिलं होतं. त्यातली एक पुण्याची मोकळी, पण दुसरी कोण? माणूस सज्जन होता. त्याच्या हातात माझ्या सहीचा अर्ज होता आणि त्याला प्रकरण वाढवायचं नव्हतं, हे त्याच्या बोलण्यावरूनच कळत होतं.

"बाई, तुम्ही लिहून दिलंय नियम पाळतात म्हणून," तो म्हणाला. "दुसरी तळेगावची नव्हती, तेवढं आम्ही बघितलंय. तुम्ही त्या दिवशी गावी होता म्हणे. तुम्हाला काही ठाऊक नसेल तर तसं सांगा, मी कागद मिटवतो. लोणावळ्याच्या मदर हद्दीबाहेर गेल्या होत्या का?"

ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. तो तेच ऐकायला आला होता. मी टेबलाकडे पाहिलं, त्यावर शाईचा डाग होता. आणि माझ्या अंगात ती बारा वर्षं एकदम उभी राहिली. गुडघे टेकले म्हणून काय झालं? आईचे बारा चैत्र कुणी परत दिले? हिचं मेलीचं एका सकाळीत भागलं!

"हो," मी म्हणाले. "गेल्या होत्या. मी स्वतः पाहिलं."

"कशाला गेल्या होत्या?"

"त्यांना विचारा."

मीच बोलावलं होतं, हे मी सांगितलं नाही. मदरनंही ते त्यांना सांगितलं नाही, हे मला पुढे कळलं. अर्ज तिघींचा एकत्र होता, म्हणून तो एकत्रच फेटाळला गेला. त्या आठवड्यात एक मोटार आली आणि मदरला घेऊन गेली. तीच मोटार पुढे तळेगावच्या मदरला घ्यायला गेली. मी शाळेच्या फाटकात उभी राहून पाहिलं. मान ताठ ठेवून पाहिलं. मला आनंद झाला होता, अगदी पोटभर. त्या दिवशी मी मुलींना लवकर सोडलं.

दोन दिवसांनी आई आली. कामशेतपर्यंत चालत आणि पुढे गाडीनं. पिशवीही नव्हती हातात. स्विस मदर मोकळी असल्यानं ती वडिवळ्याला जाऊन फौजदाराकडून कळलेलं सगळं आईला सांगून आली होती. माझ्याविरुद्ध म्हणून नव्हे, आईला कळायला हवं म्हणून. आई खोलीत आली ती उभीच राहिली.

"फौजदारानं तुला ईचारलं व्हतं?"

"हो."

"न्हाई म्हनता आलं आसतं?"

"मी खोटं कशाला बोलू? खरं तेच सांगितलं. त्यांनी तुला खोटं पाडलं तेव्हा—"

"माझं झालं व्हतं," आई म्हणाली. "देवळापुढं समद्यांसमोर झालं व्हतं. माझं काय बी ऱ्हायलं नव्हतं." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, इतकं नीट की मला नजर काढून घ्यावीशी वाटली. "तिनं भ्यायली म्हून खोटं सांगितलं, पोरी. तू कशापायी खरं सांगितलंस?"

आईनं उत्तराची वाट पाहिली. मग ती पदर सावरून जिना उतरली आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागली. मी तिला हाक मारली नाही, कारण तिला हवं होतं ते उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.